वायर, आवाज आणि आपले कान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी वायरीबद्दल बोलणार आहे. कवी माणसाने वायरीबद्दल बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. विजेशी माझा संबंध दहावीच्या शास्त्राच्या पेपरापुरता आणि पुढे दरमहा येणाऱ्या बिलापुरता. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात असं काही घडलं, की मला हा विषय समजून घ्यावा लागला. समजून घेताना माझी चांगली फजितीही झाली. ती फजिती सांगतो आणि तिच्यातून जे कळलं तेही सांगतो.

आमचं गाव समुद्रकाठचं. गावात एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे आणि वाचनालयाला लागून एक सभागृह आहे. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, भिंती कोऱ्या. दीडशे माणसं बसतात. व्याख्यानं, कविसंमेलनं, शाळांच्या वक्तृत्व स्पर्धा, सगळं तिथंच. पण मागच्या चार रांगांना काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. ऐकू यायची ती एक सलग 'घूंऽऽ' आणि त्या घूंच्या आत कुठेतरी वक्ता. आमचे एक निवृत्त गुरुजी आहेत. वय ऐंशीच्या पुढे. गुडघ्यांमुळे पुढे येता येत नाही, म्हणून दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसतात. कार्यक्रम अर्ध्यावर आला की काठी टेकत निघून जातात. एकदा मी विचारलं, ''गुरुजी, कविता आवडल्या नाहीत का?'' ते म्हणाले, ''अरे, आवडायला ऐकू तर यायला हव्यात.''

ते शब्द मला लागले. वाचनालयाच्या कमिटीत मीही आहे. वर्गणी काढायची ठरली. मुंबईच्या चाकरमान्यांनी दिले, आखातात गेलेल्या पोरांनी पाठवले, कोळीवाड्यातल्या बायकांनी पन्नास-शंभर करून दिले. पंच्याऐंशी हजार रुपये जमले. आता खरेदी कुणी करायची? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ''तुम्ही कवी. तुमचा कान तयार. ओळीत एक मात्रा कमी-जास्त झाली तरी तुम्हाला कळते. आवाजाचं तुम्हीच बघा.'' श्रोतेहो, खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. माझ्या कानाचा मला अभिमान होता.

शिवाय वायरीने आवाज बदलतो, ही गोष्ट माझ्या मनात लहानपणापासून पक्की होती. आमच्या घरी अब्बांचा मर्फीचा रेडिओ होता. त्याची एरियलची तार माडापासून कौलापर्यंत ताणलेली. दुसरी तार न्हाणीशेजारच्या ओल्या मातीत पुरलेली. उन्हाळ्यात खरखर वाढली की अब्बा म्हणायचे, ''जा, अर्थिंगला पाणी घाल.'' आम्ही तांब्याभर पाणी ओतायचो आणि बातम्या सुधारायच्या. तिथे ते खरंच होतं, कारण तिथे तारच हवेतल्या लहरी पकडत होती. पण अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या तारेचं काम वेगळं. हा फरक मला तेव्हा ठाऊक नव्हता.

शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानदार गोड बोलणारा. त्याने मला गुबगुबीत खुर्चीत बसवलं, चहा मागवला आणि माझ्या आवडीचं एक भावगीत लावलं. आधी एका बारीक वायरीवर. मग म्हणाला, ''सर, आता ही ऐका.'' करंगळीएवढी जाड, निळसर, विणलेल्या कापडात गुंडाळलेली ती केबल. टोकांना सोनेरी पिना. ''ऑक्सिजन काढून टाकलेलं तांबं आहे सर, वर चांदीचा मुलामा.'' गाणं पुन्हा सुरू झालं आणि मला वाटलं, काळवंडलेलं भांडं चिंचेने घासून लख्ख करावं तसा आवाज उजळला. तंबोरा वेगळा ऐकू आला. गायिकेचा श्वास ऐकू आला. मी म्हणालो, ''वा!''

स्पीकरची तीस मीटर केबल आणि माइकची केबल मिळून बत्तीस हजार रुपये. पंच्याऐंशीतले बत्तीस हजार नुसत्या वायरीचे! पण मी ऐकलं होतं ना, माझ्या कानांनी. मी फक्त एवढंच म्हणालो, की कमिटीला ऐकवायला हवी. दुकानदाराने अनामत ठेवून घेतली आणि चार-चार मीटरचे दोन तुकडे घरी न्यायला दिले.

घरी माझा भाचा आला होता. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने ती केबल हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, ''मामू, आपण एक खेळ खेळू या.'' माझ्याच टेपवर, माझ्याच स्पीकरवर. आधी त्याने गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणलेली साधी, तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची वायर लावली. तीही चार मीटर. गाणं वाजवलं. मग मागे जाऊन खुडबुड केली, म्हणाला, ''आता ही भारीवाली.'' पुन्हा तेच गाणं. मी दहा मिनिटं बोलत होतो. आवाजाला कशी खोली आलीय, तबल्याच्या शाईवरचा बोल कसा गोल झालाय, वगैरे. भाचा शांतपणे ऐकून घेत होता. माझं संपल्यावर म्हणाला, ''मामू, रागावू नका. मी वायर बदललीच नव्हती.''

आमच्या घरात हसू आवरेना. मला मात्र काही सुचेना. मी काही थाप मारली नव्हती. मला खरोखर तसं ऐकू आलं होतं.

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, आता नीट कर. मग त्याने मध्ये चादर टांगली. आवाजाची पातळी दोन्ही वेळा सारखीच राहील याची काळजी घेतली. प्रत्येक वेळी नाणं उडवायचं, छापा आला तर साधी, काटा आला तर भारी. मी कागदावर 'क' किंवा 'ख' लिहायचं. वीस वेळा केलं. वीसपैकी अकरा बरोबर आले. मी खूश झालो, म्हटलं, निम्म्याहून जास्त! भाचा म्हणाला, ''मामू, तुम्ही कानांत बोळे घालून नुसतं क-ख लिहिलं असतं, तरी दहाच्या आसपास बरोबर आलेच असते. वीसपैकी निदान पंधरा आले असते तर मानलं असतं.'' आणि मग त्याने विचारलं, ''दुकानात पहिली वायर केवढी होती?'' मला आठवलं, ती अगदी दोऱ्यासारखी बारीक होती. बारीक वायरीत आवाज थोडा खाल्ला जातो. जाड लावली की तो परत वाढतो. आणि दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा, तो माणसाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. ही आपल्या कानाची रीत आहे. म्हणजे दुकानातली तुलनाच वाकडी होती. साध्या पण पुरेशा जाड वायरीशी त्या केबलची गाठ पडलीच नव्हती.

पुढे वाचलं तेव्हा कळलं, की ही फजिती माझ्या एकट्याची नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत लोक स्पीकरला घरातल्या दिव्याचीच वायर जोडत. मग नोएल ली नावाच्या गृहस्थाने 'मॉन्स्टर' या नावाने स्पीकरसाठी खास जाड केबल विकायला काढली आणि तिथून केबलचा वेगळा बाजारच उभा राहिला. १९८३ मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' या मासिकाने श्रोते बसवून, कोणती वायर लावली आहे हे न सांगता चाचणी केली. संगीत ऐकताना बऱ्यापैकी जाडीची दिव्याची वायर आणि खास केबल यांतला फरक श्रोत्यांना खात्रीने सांगता आला नाही. अगदी बारीक तार मात्र काही चाचण्यांत ओळखू आली. २००७ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने तर दहा लाख डॉलरचं आव्हान दिलं, की ७२५० डॉलरच्या केबलचा फरक न बघता ओळखून दाखवा. एका नामांकित समीक्षकाने ते स्वीकारलंही. पण केबल बनवणारेच मागे हटले आणि चाचणी झाली नाही. त्यामुळे तिच्यातून काही सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. फरक असेल तर तो डोळे झाकूनही उरला पाहिजे.

खरं तर ही युक्ती आम्हा कवींना नवी नाही. काव्यस्पर्धेत परीक्षकाकडे कविता देताना कवीचं नाव झाकून देतात. का? कारण मोठं नाव दिसलं की साधी ओळही खोल वाटायला लागते. मुशायऱ्यात मी हे शंभर वेळा पाहिलंय. जो शेर नवख्याने वाचला तर लोक पान लावत बसतील, तोच नामवंताने वाचला की पहिल्या ओळीलाच 'वाह वा' होते. कवितेला जो नियम, तोच वायरीला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे वायरीने काहीच फरक पडत नाही का? इथेच थांबलो असतो तर दुसरी चूक झाली असती. कारण आमच्या सभागृहात खरोखरच वायरीने घोळ घातला होता. फक्त तो वेगळ्याच ठिकाणी होता.

आमच्या गावात एक म्हातारे मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. लग्नाचे मांडव, उरूस, गणपती, क्रिकेटचे सामने, चाळीस वर्षं त्यांनी सगळीकडे लाउडस्पीकर लावले. त्यांना मी सभागृहात घेऊन गेलो. त्यांनी आधी टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकलं. मग भिंतीवरची वायर नखाने खरवडली आणि हसले. ''कविसाहेब, इकडे बघा. वरून तांबं, आतून पांढरं.'' ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर होती. तांबं म्हणून कुणीतरी कधीतरी गळ्यात मारलेली. आणि जाडी किती, तर अर्धा चौरस मिलिमीटर.

मग भाच्याने कागद-पेन्सिल घेतली. ओहम नावाच्या जर्मन माणसाने १८२७ मध्ये मांडलेला नियम आपण सगळे शाळेत शिकलोय. तो तिथे मला पहिल्यांदा उपयोगी पडताना दिसला. अॅम्प्लिफायरपासून मागच्या दोन स्पीकरपर्यंत वायर पंचवीस मीटर. पण वीज जाते तशी परतही येते, म्हणून हिशेबाला पन्नास मीटर धरायची. त्या बारीक, भेसळीच्या वायरीचा रोध झाला पावणेतीन ओहमच्या आसपास. दोन्ही स्पीकर मिळून चार ओहम. याचा अर्थ असा, की अॅम्प्लिफायरने शंभर भाग शक्ती सोडली तर त्यातले चाळीस भाग वायर गरम करण्यात गेले. गुरुजींपर्यंत पोहोचायच्या आधीच!

तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची घातली तर नुकसान येतं शंभरात आठ. आणि समजा, तेवढ्याच जाडीची अख्खी चांदीची वायर घातली तर? चांदी ही विजेची सगळ्यांत चांगली वाहक, पण तांब्यापेक्षा पुढे ती किती, तर सुमारे सहा टक्के. मग नुकसान आठाऐवजी साडेसात. चाळिसाचे आठ झाले हे कानाला कळेल. आठाचे साडेसात झाले हे कुणाच्याही कानाला कळणार नाही. आणि ऑक्सिजन काढलेलं तांबं? विजेच्या चांगल्या वायरीतलं तांबं मुळातच ९९.९ टक्के शुद्ध असतं. ऑक्सिजन काढल्याने त्याच्या वहनात पडणारा फरक जेमतेम एका टक्क्याचा. तेवढं तर वायर थोडी आखूड कापली तरी साधतं. सोनं तर वीज वाहून नेण्यात तांब्याच्याही मागे आहे. पण सोन्याचा एक गुण आहे, ते गंजत नाही. आमच्या खाऱ्या हवेत पितळी पिना वर्षभरात हिरव्या पडतात आणि सांध्यात खरखर सुरू होते. तिथे पिनेवर सोन्याचा पातळ मुलामा असला तर उपयोग आहे. तो सूर गोड करत नाही, सांधा टिकवतो.

श्रोतेहो, तांब्याच्या शुद्धतेचा प्रश्न कधीच महत्त्वाचा नव्हता असंही नाही. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तारायंत्राची केबल टाकली गेली. आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत, सुमारे तीन हजार किलोमीटर. व्हिक्टोरिया राणीचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पलीकडे जायला सोळा तास लागले. एवढ्या लांबीत सिग्नल पसरट होऊन जात होता. तो रेटण्यासाठी व्होल्टेज वाढवत नेलं आणि तीनेक आठवड्यांत केबल मेली. विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, ते आधीपासून सांगत होते, की बाजारातल्या तांब्यातांब्यात फार अंतर आहे, तांबं तपासून घ्या, तार जाड ठेवा, तिच्यावरचं वेष्टन जाड ठेवा. १८६६ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या महाकाय जहाजाने जी केबल टाकली तिच्यात हे सगळं पाळलं गेलं आणि ती चालली. त्याच जहाजाने १८७० मध्ये मुंबईहून एडनपर्यंत केबल टाकली. आपल्या मुंबईचा विलायतेशी समुद्राखालून संबंध जुळला तो तिच्यामुळे. तेव्हा धातूची शुद्धता, तारेची बांधणी हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण तीन हजार किलोमीटरला जे लागू, ते दिवाणखान्यातल्या तीन मीटरला लागू करून पैसे घेणं, हा मात्र व्यापार झाला.

आता ती 'घूंऽऽ'. ती स्पीकरच्या वायरीतून येत नव्हती. ती येत होती माइकच्या वायरीतून. हे कसं ते चाचांनी मला समजावलं. स्पीकरच्या वायरीतून जाणारा सिग्नल दांडगा असतो, त्याला कुणी सहज त्रास देत नाही. माइकमधून निघणारा सिग्नल मात्र व्होल्टच्या काही सहस्रांशांएवढा. अगदी तान्ह्या मुलासारखा. त्याला सांभाळून न्यावं लागतं. आमची माइकची वायर पंधरा मीटर लांब, एकेरी आणि ट्यूबलाइटच्या वायरीला सुतळीने बांधलेली. घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं पूर्ण करते. तिची पन्नासाची आणि शंभराची गुणगुण माइकच्या वायरीत शिरायची आणि अॅम्प्लिफायर ती इमानाने मोठी करून सगळ्यांना ऐकवायचा. त्यात वायरीभोवतीची जाळी, जी अशा गोष्टी बाहेर अडवते, ती एका ठिकाणी तुटलेली आणि वर चिकटपट्टी लावलेली.

इथे केबलची बांधणी खरोखर सगळं ठरवते. चांगल्या माइकच्या केबलमध्ये दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि दोघींभोवती जाळी असते. आवाज या दोन तारांतून एकमेकांच्या उलट्या दिशेने पाठवला जातो. बाहेरची गुणगुण शिरली तरी ती दोन्ही तारांत सारखीच शिरते. पलीकडचा अॅम्प्लिफायर दोघींतला फरक तेवढा घेतो. जे दोघींत सारखं आहे ते वजा होतं, जे वेगळं आहे ते उरतं. गुणगुण जाते, शब्द राहतो. मला हे कळलं तेव्हा खूप आनंद झाला. इतकी साधी आणि इतकी शहाणी गोष्ट मी किती वर्षं हातात धरून कविता वाचत होतो!

आणखीही काही जागा आहेत जिथे वायर आवाजाला हात लावते. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या पोरांना विचारा. दोन तारा शेजारी असल्या की त्यांच्यात थोडा विद्युतभार साठून राहतो. शाळेच्या पुस्तकात याला धारिता म्हणतात. गिटारच्या साध्या पिकअपला लांबलचक केबल लावली की या धारितेमुळे वरचे सूर बोथट होतात. तबकडी वाजवणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचंही तसंच आहे. म्हणून तिथे केबल आखूड आणि योग्य जातीची लागते. महाग नव्हे, योग्य. आणि टीव्हीची हल्लीची डिजिटल केबल? ती आकडे पोहोचवते. आकडे नीट पोहोचले तर आवाज पूर्ण येतो, नाही पोहोचले तर तुटतो, थांबतो. महाग केबलने त्यातली गायिका जास्त सुरेल होत नाही.

आता यावर एक प्रामाणिक आक्षेप माझ्या एका मित्राने घेतला. तो म्हणाला, ''ज्याला महागड्या केबलने आनंद मिळतो त्याला मिळू दे की. ऐकणाऱ्याला गोड वाटलं म्हणजे झालं.'' मला हे निम्मं पटतं. आपल्या पैशाने कुणी सुंदर केबल घेतली, ती बघून त्याचं मन प्रसन्न झालं आणि गाणं जास्त गोड लागलं, तर त्याच्या आनंदाला मी खोटं म्हणणार नाही. चांदीच्या ताटात वाढलेला भातही जास्त रुचतो. पण ताटामुळे तांदूळ बदलला असं सांगून कुणी पैसे मागितले, तर विचारलं पाहिजे. आणि पैसे कोळणीने टोपली विकून दिलेले असतील, तर विचारलंच पाहिजे. तिथे माझ्या 'वा!'ला पुराव्याची किंमत नाही.

मला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच. दुकानदाराने मला फसवलं असं म्हणणं सोपं आहे. कदाचित त्यालाही तसंच ऐकू येत असेल. पण मी कमिटीपुढे जाऊन सांगणार होतो, 'मी ऐकलंय, भरवसा ठेवा.' आणि लोकांनी ठेवला असता. तयार कान म्हणजे न चुकणारा कान, असं मी धरून चाललो होतो. तयार कानही डोळ्यांचं ऐकतो, किमतीचं ऐकतो, समोरच्याच्या गोड बोलण्याचं ऐकतो. शिवाय पन्नाशी उलटल्यावर वरच्या पट्टीतले बारीक सूर आपल्याला पूर्वीइतके ऐकूच येत नाहीत. हे आपल्याला कुणी सांगत नाही, कारण न ऐकू येणारी गोष्ट गेल्याचं कळणार कसं?

तर श्रोतेहो, घरासाठी असो की सभागृहासाठी, मी आता एवढंच सांगतो. वायर तांब्याचीच आहे ना, हे टोक खरवडून बघा. अंतर जितकं लांब, तितकी ती जाड घ्या. वायरीचा रोध स्पीकरच्या रोधाच्या विसाव्या भागाच्या आत राहिला तर उत्तम, दहाव्याच्या पुढे जाऊ देऊ नका. सांधे पिळून चिकटपट्टी लावू नका, डाग देऊन घ्या. माइकची केबल जाळीची, पिळाची घ्या आणि विजेच्या वायरीपासून हातभर लांब ठेवा. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. एवढं केल्यावर दुकानदार आणखी महाग केबल दाखवू लागला, तर त्याला म्हणा, 'बरं, मध्ये एक चादर टांगू या.'

आम्ही ते निळे तुकडे परत केले आणि अनामत आणली. चाचांनी सगळी वायर नव्याने घातली. स्पीकरची, माइकची, पिना, डाग, सगळं मिळून साडेपाच हजारांत झालं. मजुरी ते घेईनात, ती बळेच दिली. उरलेल्या पैशांत एक चांगला माइक आला आणि दोन आणखी छोटे स्पीकर, जे मागच्या रांगांजवळ लावले. मागच्या कोऱ्या भिंतीवर आम्ही जाड पडदे टांगले, कारण चाचांनी सुरुवातीला टाळी वाजवून जे ऐकलं होतं ते हेच होतं. पत्र्यावरून आणि भिंतीवरून शब्द परत येत होता आणि पुढच्या शब्दावर आदळत होता. आवाज बिघडवण्यात त्या प्रतिध्वनीचा हात वायरीइतकाच होता. तरीही थोडे पैसे शिल्लक राहिले. त्यांची पुस्तकं घेतली.

पहिला कार्यक्रम कविसंमेलनाचा ठेवला. घूं नव्हती. माझी पाळी आली तेव्हा मी मुद्दाम आवाज न चढवता वाचलं. माझी एक जुनी कविता, वीस वर्षं ठिकठिकाणी वाचलेली, टाळ्या मिळवलेली. शेवटच्या खुर्चीवर गुरुजी होते. ते उठले नाहीत. शेवटपर्यंत बसले.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो आणि वाकून विचारलं, ''गुरुजी, आज ऐकू आलं का?''

''स्वच्छ आलं,'' ते म्हणाले. ''अक्षर न् अक्षर. म्हणून तर कळलं. तुझ्या दुसऱ्या कडव्यात तिसऱ्या ओळीत एक मात्रा कमी पडते.''

घरी येऊन बोटांवर मोजलं. खरंच कमी पडत होती.